कासवही बुडते: पाळीव कासवांचे प्रथमोपचार आणि पाण्यातली सुरक्षितता

कासव पाण्यात बुडून मरू शकते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. जन्म पाण्यात घालवणारा प्राणी पाण्यात कसा बुडेल? पण कासवाला कल्ले नसतात. ते आपल्यासारखे फुप्फुसांनी श्वास घेते आणि श्वासासाठी त्याला पुन्हा पुन्हा वर यावे लागते. वर येण्याची वाट अडली, अंगातली ताकद गेली किंवा पाय कशात अडकला, की पाण्यातले कासवही बुडते. जमिनीवरचे कासव तर वीतभर पाण्यातही बुडते.

महाराष्ट्रात कासव पाळणारी घरे थोडी नाहीत. कुणी मुलांच्या हट्टापायी आणते, कुणी वास्तूला शुभ म्हणून. मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे अनुभवी डॉक्टर मोठ्या शहरांतही मोजके आहेत. तालुक्याच्या गावी गाईम्हशींचे डॉक्टर भेटतात, कुत्र्यामांजरांचेही भेटतात. फुटक्या कवचाचे किंवा बुडालेले कासव हाती आले, तर त्यांनाही पुस्तक उघडावे लागते. म्हणूनच पहिल्या तासात घरच्या माणसाने काय करावे आणि काय करू नये, याला इथे विशेष महत्त्व आहे. या विषयात काय पक्के ठरले आहे, कुठे मते बदलली आणि घरात काय करता येते, याचा हा आढावा.

आधी कासव ओळखा

माशांच्या दुकानात सर्रास मिळते ते लाल कानाचे कासव. डोळ्यामागे लाल पट्टा, अंगावर हिरव्या-पिवळ्या रेघा. मूळचे ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात ते रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असते. पुढे त्याची पाठ 20 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळले तर ते वीस-तीस वर्षे जगते. हे पाण्यातले कासव आहे, पण त्याला कोरडे होऊन ऊन घेण्यासाठी जागा लागतेच.

चोरून विकले जाते ते तारांकित कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतात. हे पूर्णपणे जमिनीवरचे कासव, त्याला पोहता येत नाही. तरीही ‘कासव म्हणजे पाणी’ या समजुतीने ते थेट माशांच्या टाकीत सोडले जाते आणि बुडून किंवा न्यूमोनियाने मरते. त्याला पाणी द्यायचे ते उथळ ताटलीत, उभे राहिल्यावर हनुवटीपर्यंतच येईल इतके.

ओळख कायद्यासाठीही हवी. तारांकित कासव आणि आपल्या तळ्या-विहिरींत आढळणारे पाणकासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत. ती पाळणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. तारांकित कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही 2019 पासून सर्वांत कडक यादीत आला आहे. असे कासव जखमी अवस्थेत सापडले, तर प्रथमोपचार जरूर करावा, पण लगेच वन विभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे.

श्वासाची वेगळी रचना

माणसाची छाती फुगते आणि बसते. कासवाच्या बरगड्या पाठीच्या कवचाशी एकजीव झालेल्या असतात, त्यामुळे त्याची छाती हलतच नाही. पायांच्या मुळाशी आणि पोटाच्या कडेला असलेले स्नायू आतली पोकळी लहान-मोठी करतात आणि त्यातून हवा आत-बाहेर होते. पुढचे पाय बाहेर आले की फुप्फुसांना जागा मिळते, आत गेले की ती आवळली जातात. फुप्फुसे असतात ती वर, पाठीच्या कवचाला लागून. कासव उताणे पडले, तर पोटातल्या सगळ्या अवयवांचे ओझे त्यांच्यावर येते.

एवढ्यावरून दोन नियम निघतात. कासवाच्या छातीवर दाब देण्यात अर्थ नाही, कारण खाली हाड आहे. आणि संकटातले कासव उताणे ठेवायचे नाही.

तिसरी गोष्ट आहे ऑक्सिजनविना तग धरण्याची. ब्राउन विद्यापीठाचे डोनाल्ड जॅक्सन यांनी उत्तर अमेरिकेतल्या रंगीत कासवांवर अनेक वर्षे काम केले. गोठण्याच्या जवळ गेलेल्या पाण्यात ही कासवे ऑक्सिजनशिवाय तीन महिन्यांहून अधिक काळ जिवंत राहतात. शरीरात साठणारे लॅक्टिक आम्ल कवचातल्या क्षारांमुळे शमते आणि काही प्रमाणात कवचातच साठवले जाते. लाल कानाच्या कासवाचा मेंदूही ऑक्सिजन तुटल्यावर आपले काम जवळजवळ थांबवून जीव राखतो. पण पाणी उबदार होत जाते तशी ही मुदत झपाट्याने आखडते. आपल्याकडच्या 28-30 अंशांच्या पाण्यात कासवाकडे महिने नसतात. तरीही माणसापेक्षा कितीतरी जास्त वेळ असतो. त्यामुळे गार, ढिले, हालचाल नसलेले कासव पाहून ‘गेले’ असे म्हणण्याची घाई करू नये. कासवाचे हृदय इतके मंद चालू शकते की बोटांना ते कळत नाही. डॉक्टर ते डॉपलर यंत्राने ऐकतात.

बुडालेले कासव हाती आल्यावर

कासव पाण्याबाहेर काढा. दोन्ही हातांनी कवचाच्या कडा धरा आणि डोके खाली, शेपूट वर अशा स्थितीत पोट जमिनीकडे ठेवून तिरके धरा. मान आत असेल, तर जबड्याच्या मागे दोन बोटांनी अलगद धरून ती सरळ बाहेर घ्या. झटका देऊ नका. मान सरळ झाली की नाका-तोंडातून पाणी ओघळू लागते, कधी फेसही येतो. तोंडात शेवाळ किंवा अन्नाचा तुकडा दिसला, तर कापसाच्या काडीने काढा.

पाणी यायचे थांबले की कासव घडी केलेल्या टॉवेलवर पोटावर ठेवा, मागची बाजू थोडी उंच असू द्या. मान सरळच राहू द्या. आता दोन्ही पुढचे पाय हलकेच बाहेर ओढा, जातील तितकेच, आणि मग अलगद आत दाबा. काही सेकंद थांबून पुन्हा तेच करा. पाय बाहेर येताना हवा आत जाते, आत जाताना बाहेर पडते. जोर लावायचा नाही आणि कंटाळायचेही नाही. मधूनमधून डोळ्याच्या कडेला बोट लावून पाहा, शेपटीला हलका चिमटा काढा. पापणी हलली किंवा शेपूट आक्रसली, तर जीव आहे.

हे करत असताना घरातल्या दुसऱ्या कुणीतरी डॉक्टरांना फोन लावावा. कासव शुद्धीवर आले तरी त्याच दिवशी तपासणी हवी, कारण फुप्फुसात गेलेल्या घाण पाण्यामुळे पुढच्या काही दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. नेताना हवेशीर खोक्यात ओलसर टॉवेलवर ठेवावे. पाण्याच्या डब्यात घालून कधीही नेऊ नये. दमलेल्या कासवाला पाण्यात डोके वर धरता येत नाही आणि ते वाटेतच पुन्हा बुडते. डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्याला कोरड्या जागी ठेवावे आणि दिवसातून थोडा वेळ, आपल्या नजरेसमोर, नाकपुड्यांच्या खाली राहील इतक्याच पाण्यात बसवावे.

मते कुठे बदलली

कासवांच्या पुनरुज्जीवनाबाबतचा सर्वांत मोठा अनुभव घरांतून आला नाही, तो मासेमारीच्या जाळ्यांतून आला. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत समुद्री कासवे अडकून बुडत, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवेने मच्छीमारांसाठी नियम केले. जुन्या नियमांत कासव उताणे करून पोटाचे कवच हाताने किंवा पायाने दाबण्याची मुभा होती. त्यातून फायद्यापेक्षा इजा जास्त होते हे लक्षात आल्यावर 2001 मध्ये ती पद्धत काढून टाकली. आजचा नियम असा: कासव पोटावर ठेवा, मागची बाजू किमान 15 सेंटिमीटर उंच करा, सावलीत आणि ओलसर ठेवा, अधूनमधून डोळा व शेपूट तपासा आणि चार ते चोवीस तास वाट पाहा. पाणी भरलेल्या भांड्यात ठेवण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे.

कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे जाळ्यांत सापडतात, तिथे हेच ज्ञान उपयोगी पडते. जाळे कापून संरक्षित प्राणी सोडून देणाऱ्या मच्छीमाराला भरपाई देण्याची योजनाही महाराष्ट्राने सुरू केली आहे. डहाणूच्या कासव उपचार केंद्रात किनाऱ्यावर लागलेली जखमी कासवे बरी करून समुद्रात सोडली जातात. समुद्री कासव आणि टबातले कासव यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण श्वासाची रचना एकच आहे.

घरगुती पातळीवर दोन मुद्द्यांवर अजून वाद आहे. पहिला तोंडाने हवा देण्याचा. काही जुन्या मार्गदर्शनांत नळीने फुंकर घालायला सांगितलेले आढळते. कासवाची फुप्फुसे नाजूक असतात आणि जोराच्या फुंकरीने ती फाटू शकतात. शिवाय माणसाला साल्मोनेला जंतूंचा धोका असतोच. श्वासनलिकेत नळी घालून हवा देणे हे डॉक्टरांचे काम, ते त्यांच्यावरच सोडावे. दुसरा वाद उबेचा. बुडालेले कासव गार लागते म्हणून त्याला दिव्याखाली ठेवण्याचा मोह होतो. पण ऊब वाढली की शरीराची ऑक्सिजनची मागणी वाढते आणि श्वास सुरू नसताना ती भागणार कुठून? म्हणून श्वास परत येईपर्यंत खोलीचेच तापमान ठेवावे, ऊब नंतर हळूहळू द्यावी. माझ्या मते ही सावध बाजूच योग्य आहे.

संकट टाकीतच तयार होते

घरातले बहुतेक बुडणे टाळता येण्यासारखे असते. टाकीकडे एकदा जवळून पाहावे. फिल्टर आणि काच यांच्यामध्ये तीन-चार बोटांची फट असते. लहान कासव तिच्यात शिरते, त्याला मागे वळता येत नाही आणि वरही जाता येत नाही. फिल्टरचे तोंड उघडे असेल, तर पिल्लाचा पाय त्यात ओढला जातो. तोंडावर स्पंज लावावा आणि फट एकतर पूर्ण बंद करावी, नाहीतर कासव आरामात फिरेल इतकी मोठी ठेवावी. शोभेचे किल्ले, भोकांची लाकडे, प्लॅस्टिकची वेल, जाळीचे तुकडे हे सगळे सापळेच आहेत. कासव वाढत असते. गेल्या वर्षी ज्या भोकातून ते सहज जायचे, तिथे ते यंदा अडकते.

पाणी किती खोल हवे? कमी पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा समज अर्धवट आहे. फार उथळ पाण्यात उताणे पडलेल्या कासवाला उलटता येत नाही आणि नाक पाण्याखाली राहते. निरोगी, पोहणाऱ्या कासवाला त्याच्या पाठीच्या रुंदीपेक्षा जास्त खोली हवी, म्हणजे त्याला पाण्यातच सरळ होता येते. पिल्लाला, आजारी किंवा नव्याने आणलेल्या कासवाला कमी पाण्यातून सुरुवात करावी. कोणत्याही खोलीत उन्हाची कोरडी जागा आणि तिथे चढायला खडबडीत उतार हवाच. आकाराचा ढोबळ हिशेब पाठीच्या दर सेंटिमीटरमागे सुमारे 15 लिटर पाणी असा आहे. वीस सेंटिमीटरच्या कासवाला तीनशे लिटर लागतात. दुकानातून पिल्लाबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत कुठलेही कासव वाढू शकत नाही.

हीटरला जाळीचे आवरण हवे, नाहीतर कासव तो फोडते किंवा त्याला चिकटून भाजते. पाण्यात वीज उतरल्याची शंका आली, तर आधी मुख्य बटण बंद करावे, मगच हात पाण्यात घालावा. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे, म्हणजे क्लोरिन उडून जाते. नवे पाणी जुन्याच्याच तापमानाचे असावे. पाण्यात 24 ते 28 अंश आणि उन्हाच्या जागी 30 च्या पुढे तापमान लाल कानाच्या कासवाला मानवते. नाशिक-पुण्याच्या थंडीत पाणी गार पडले की ते खाणे सोडते. अशा वेळी जबरदस्तीने खाऊ घालू नये, आधी पाणी उबदार करावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात गच्चीवरचा टब याच्या उलट वागतो. त्यातले पाणी तासाभरात तापते आणि सावली नसेल, तर कासव त्यातच शिजते. तापलेले कासव सावलीत आणून साध्या पाण्यात ठेवावे. बर्फाचे पाणी ओतू नये.

बुडण्याआधी कासव अनेकदा इशारा देते. एका बाजूला कलून पोहते, नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडून श्वास घेते, सारखे कोरड्या जागी बसून राहते. ही न्यूमोनियाची लक्षणे आहेत. सुजून बंद झालेले डोळे बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे असतात, कारण फक्त सुक्या कोळंबीवर कासव वाढत नाही. मऊ पडलेले कवच कॅल्शियमची आणि ‘यूव्ही-बी’ किरणांची कमतरता सांगते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतातच. अशी लक्षणे दिसली, तर पाणी कमी करावे आणि डॉक्टरांकडे जावे.

फुटलेले कवच आणि इतर जखमा

कवच हे घर नाही, ते कासवाचे जिवंत हाड आहे. त्यात रक्त वाहते, त्याला संवेदना असते, ते फुटले की दुखते. बाल्कनीतून पडणे आणि घरातल्या कुत्र्याने चावणे ही आपल्याकडची नेहमीची कारणे. स्वच्छ गॉज पाच-दहा मिनिटे दाबून धरला की रक्त बहुधा थांबते. माती असेल तर सलाइनने धुवावी. पण भेग पोटाच्या पोकळीपर्यंत गेली असेल, आतले काही दिसत असेल, तर पाणी आत जाऊ देऊ नये. फक्त सलाइनने ओला केलेला गॉज वर ठेवावा. वरवरच्या भेगेला बीटाडीन लावायचे, तेही पाण्यात मिसळून कोऱ्या चहाइतके फिकट करून. कासव कोरडे, घरात, माश्यांपासून दूर ठेवावे, कारण उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या पडतात.

फेविक्विक, एम-सील, अॅराल्डाइट यांनी भेग बुजवू नये. एकेकाळी डॉक्टरही इपॉक्सी आणि फायबर ग्लास वापरत. त्याखाली जंतू कोंडले जातात आणि वाढत्या कवचाला अडथळा होतो हे कळल्यावर, आता जखम उघडी ठेवून तारा-पट्ट्यांनी तुकडे जुळवण्याकडे कल आहे. हळदही भरू नये. तिचे गोळे भेगेत बसतात आणि डॉक्टरांना आधी तेच उकरून काढावे लागतात. कवच भरून यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागते.

शेपटीजवळून गुलाबी मांस बाहेर आले, तर ते आत ढकलू नये. साखरेच्या पाण्यात भिजवलेला गॉज त्यावर ठेवला की सूज उतरायला मदत होते. कासव एकटे ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. गळ गिळलेला असेल, तर दोरा ओढू नये, आणि मुळाशी कापूनही टाकू नये. दोऱ्याचा पत्ता डॉक्टरांना लागला पाहिजे.

औषधांचा धोका

घरात कुत्रा असेल, तर आयव्हरमेक्टिन असण्याची शक्यता मोठी. गोचिडांवरचे हे औषध कासवाला जीवघेणे ठरते. ‘प्राण्यांचे औषध’ म्हणून ते कासवाला कधीही देऊ नये, आणि डॉक्टर नवे असतील तर ही आठवण त्यांनाही नम्रपणे करून द्यावी. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर वापरू नये. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. अ जीवनसत्त्वाची इंजेक्शने सल्ल्याविना दिली, तर कातडी सोलून निघते.

माणसांसाठी आणि तळ्यांसाठी

कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला असू शकतो. मुलांना त्यामुळे आजार होऊ लागल्यावर अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली. ती आजही आहे. आपल्याकडे नेमकी हीच लहान कासवे दुकानात असतात. प्रथमोपचारानंतर साबणाने हात धुवावेत. टाकी स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुऊ नये. पाच वर्षांखालच्या मुलांना कासव हाताळू देऊ नये.

दुसरे म्हणजे, वाढलेले किंवा आजारी कासव तळ्यात, विहिरीत, देवळाच्या कुंडात सोडून मोकळे होणे. लाल कानाचे कासव जगातल्या शंभर घातक आक्रमक प्रजातींत गणले जाते. ते आपल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. सुटका म्हणून केलेली ही गोष्ट कुणाचीच सुटका करत नाही. कासव नकोसे झाले, तर प्राणी बचाव संस्थेकडे द्यावे.

या साऱ्या आढाव्यातून एक निष्कर्ष ठळक होतो. कासवाचे शरीर सावकाश चालते, ते सावकाश आजारी पडते आणि सावकाशच मरते. म्हणून त्याला वाचवायला वेळ मिळतो. मात्र ज्याने आधी तयारी केली आहे, त्यालाच तो वापरता येतो. तुमच्या घरी कासव असेल, तर आजच चार कामे करा: फिल्टरमागची फट तपासा, पाण्याच्या खोलीचा अंदाज घ्या, गॉज आणि बीटाडीन एका डबीत ठेवा आणि कासव तपासणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक शोधून भिंतीवर लिहा. आणि घरी कासव नसेल, तर वीस-तीस वर्षे आणि तीनशे लिटर पाणी देण्याची तयारी असल्याशिवाय कृपया आणू नका.